लेखणी असूनही न लिहिलेला कायदा

मिश्ना हा यहुदी धर्मपंडितांच्या, म्हणजे रब्बींच्या, परंपरेतला पहिला मोठा ग्रंथ. संध्याकाळचा शेमा हा प्रार्थनापाठ कोणत्या वेळेपासून म्हणायचा, या प्रश्नाने तो सुरू होतो. शेमा म्हणजे काय, तो रोज का म्हणायचा, आज्ञा कोणाची, याबद्दल अवाक्षर नाही. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असणार हे गृहीतच आहे. इसवी सन 200 च्या सुमारास गालील प्रांतात रब्बी येहूदा हा-नासी यांनी सिद्ध केलेल्या या सहा विभागांच्या संहितेत तोरेतली, म्हणजे मोशेच्या लेखी कायद्यातली, वचने आधारासाठी तुलनेने क्वचितच येतात. ग्रंथावर उभ्या असलेल्या धर्मात हे चमत्कारिकच. पण मिश्नेत आलेला रब्बींचा हा मौखिक कायदा लिहायला कोणी नव्हते म्हणून मौखिक राहिला, ही समजूत सोडली तर त्याचा उलगडा होतो. तो जाणूनबुजून तोंडी ठेवला गेला, कारण त्यामुळे निर्णयाचा अधिकार ग्रंथाच्या पानावर न राहता गुरुशिष्यांच्या चर्चेत राहत होता.

परंपरेच्या मते सिनाय पर्वतावर मोशेला लेखी आणि तोंडी अशा दोन्ही तोरा मिळाल्या. ‘पिर्के आवोत’मध्ये मोशेपासून यहोशवा, वडीलजन, संदेष्टे अशी गुरुपरंपराही दिली आहे. इतिहासाचा पुरावा इतका लांब जात नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा जोसेफस सांगतो की परुशी पंथाचे लोक वाडवडिलांकडून आलेले, मोशेच्या कायद्यात न लिहिलेले नियम पाळत आणि सदूकी पंथाचे लोक ते नाकारत. वाडवडील म्हणतो तो. सिनायचा उल्लेख तिथे नाही. मग हा सगळा रब्बींचा बनाव म्हणायचा का? तसेही नाही. शब्बाथला काम करू नका, असे तोरा बजावते, पण काम कशाला म्हणायचे हे जवळजवळ सांगतच नाही. घटस्फोटाचा लेख बायकोच्या हाती द्यावा असे तोरेतल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात येते, त्यात मजकूर काय असावा ते नाही. असा कायदा पाळायचा तर कोणाला तरी तो रोजच्या रोज ठरवावाच लागणार. यिर्मया संदेष्टा शब्बाथला ओझे वाहू नका म्हणतो, तेव्हा ही प्रक्रिया सुरू झालेली दिसते. मिश्नेत ती 39 प्रकारच्या कामांपर्यंत पोचते. इथे शास्त्र थोडे आणि नियम फार, अशी कबुली मिश्ना स्वतःच देते. गरज जुनी होती. तिला सिनायची वंशावळ जोडणे हे नंतरचे.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, 135 मध्ये बार कोखबाचे बंडही मोडले. ज्ञान नष्ट होईल या भीतीने मिश्ना लिहून काढली, असे सर्रास सांगितले जाते. भीती खरी असणार, पण तेवढ्याने भागत नाही. संहिता तयार झाल्यावरही विद्यापीठांत ती ‘तन्ना’ नावाच्या पाठकाच्या मुखातूनच म्हटली जाई, आणि तोंडी गोष्टी लिहू नयेत असा निर्बंध तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या पुढच्या चर्चांच्या संग्रहात, नोंदलेला आहे. ही माणसे निरक्षर नव्हती; तोरेच्या गुंडाळीत एक अक्षर चुकले तरी त्यांना चालत नसे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या पंथाने तर आपल्या समाजाचे नियम बिनदिक्कत लिहून ठेवले होते. म्हणजे दुसरी वाट डोळ्यांसमोर होती, आणि रब्बींनी ती घेतली नाही.

यावर आठव्या शतकापासून पुढे आकार घेतलेल्या कराईत पंथाचा आक्षेप खरमरीत होता: हा पंडितांनी स्वतःच्या हाती सत्ता ठेवण्याचा डाव आहे, लेखी तोरा पुरेशी आहे. आक्षेपात तथ्य आहे. मंदिराबरोबर पुरोहितांचे वजन गेले आणि ती जागा पंडितांनी घेतली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसती सत्ता हवी असणारा हरलेल्या बाजूचे मत जपून ठेवत नाही. हिल्लेल आणि शम्मय यांच्या घराण्यांचे शेकडो वाद मिश्नेने दोन्ही बाजूंनी नोंदवले, आणि एकट्याचे मत का ठेवायचे याचे कारणही ‘एदुयोत’मध्ये दिले: पुढच्या एखाद्या न्यायसभेला त्याचाच आधार घ्यावासा वाटेल. पुढे तालमूद लिहिला गेला, 1520 ते 1523 या काळात व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्गने तो संपूर्ण छापलाही; तरी पानाच्या मध्यभागी मूळ पाठ आणि दोन्ही अंगांना भाष्ये, अशी वादाचीच मांडणी छापखान्याने रूढ केली.

या कायद्याचे वजन किती, ते कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या अनुभवात दिसते. रब्बींच्या विद्यापीठांपासून दूर राहिलेल्या आणि ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी शब्बाथ, सुंता आणि शेमा जपला. तालमूद त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. इस्रायलमध्ये गेल्यावर त्यांच्या यहुदी असण्यापेक्षा पूर्वजांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह रब्बींच्या नियमांप्रमाणे झाले होते का, यावर बोट ठेवले गेले, आणि 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने त्यांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. समाजाने निदर्शने केली, 1964 मध्ये प्रकरण संसदेत गेले, आणि आदेशातला बेने इस्राएल हा खास उल्लेख काढावा लागला. संशय असेल तिथे चौकशी करण्याचा अधिकार मात्र रब्बींनी सोडला नाही.