बंदुकीची नळी मोकळी का सोडतात?

कर्जत तालुक्यात पेठ गावाच्या माथ्यावर कोथळीगड आहे. संभाजी महाराजांच्या काळात तेथे शस्त्रांचा साठा असे. १६८४ मध्ये मोगलांनी तो किल्ला घेतला. शेजारच्या खालापूर तालुक्यातली उंबरखिंड तर सर्वांच्या परिचयाची. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला तेथील अरुंद वाटेत कोंडून शरण आणले. इतिहासाच्या तासाला आपण या घटना शिकवतो. त्या काळच्या बंदुकीतला एक प्रश्न मात्र विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा आहे: लोखंडी नळी लाकडाला कशी आणि किती घट्ट बांधावी?

तोड्याच्या बंदुकीत याचे उत्तर सरळ होते. लांब नळी लाकडी दांड्याच्या खाचेत बसवायची आणि पितळी पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याने जागोजागी आवळायची. घट्ट बांधलेली वस्तू हलत नाही, हा त्यामागचा विचार. तो पुरता खरा नाही, हे समजायला फार काळ जावा लागला.

वर्गात एक पोलादी पट्टी घ्या. तिचे एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून धरा आणि दुसरे टोक छेडा. पट्टी थरथरते, ठरावीक सूर निघतो. पुन्हा छेडा, तोच सूर येईल. आता पट्टीच्या मध्यावर बोट टेकवून छेडा. सूर बदलतो, आणि बोटाचा दाब कमीजास्त केला की पुन्हा बदलतो. बंदुकीची नळी म्हणजे अशीच एका टोकाला पकडलेली पट्टी. दारू पेटली की ती थरथरते. आजच्या रायफलीत गोळी नळीतून बाहेर पडायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. त्या क्षणी नळीचे तोंड जिकडे असेल तिकडे गोळी जाते. नळी हलते हा मुख्य दोष नव्हे; दर वेळी वेगळी हलते, हा दोष.

ती वेगळी का हलते? एक कारण कर्जतच्या शिक्षकांना सांगायला नको. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढात घराची दारे चौकटीत अडकतात. लाकूड ओल शोषून आडवे फुगते. बंदुकीचे लाकूडही फुगते आणि नळीला नव्या जागी दाबते. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी स्वीकारलेल्या आखूड ली-एन्फील्ड रायफलीत जवळजवळ टोकापर्यंत लाकूड होते. तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून वरूनही लाकडी आवरण होते. हीच रायफल पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होई. तिच्यात नळीला पुढून स्प्रिंगच्या दट्ट्याने हलकासा ठरावीक दाब दिलेला असे. म्हणजे स्पर्श टाळता येत नसेल, तर तो निदान नेहमी सारखा ठेवावा. व्हिएतनामच्या दमट जंगलात अमेरिकन नेमबाजांच्या रायफलींचे लाकूड वाकू लागले, तेव्हा त्यांनी १९७० च्या दशकात काचतंतूचे दस्ते स्वीकारले.

दुसरे कारण माणसाचा हात. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीचे प्लास्टिकचे आवरण, म्हणजे हँडगार्ड, मागे रायफलीच्या धडाला आणि पुढे थेट नळीला टेकते. पट्टा ताणला किंवा आवरण भिंतीवर टेकवले की तो जोर नळीवर येतो. उपाय असा: आवरण फक्त मागच्या टोकाला पक्के करायचे आणि पुढे नळीला कोठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. हीच ‘मोकळी नळी’. लक्ष्यवेधाच्या स्पर्धेतील रायफलींत हेच तत्त्व असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. त्या अंतरावर मिलिमीटरचा फरकही मोजला जातो.

मग आखूड रायफलीला, म्हणजे कार्बाइनला, असे आवरण हवेच का? जुन्या मराठीत जिला कराबीन म्हणत, ते घोडेस्वाराचे जवळच्या मारगिरीचे हत्यार. गणित करून पाहू. नळीचे तोंड ०.१ अंशाने वळले, तर ३० मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर सरकते, ३०० मीटरवर ५२ सेंटिमीटर. पहिल्या ठिकाणी फारसे बिघडत नाही, दुसऱ्या ठिकाणी नेम चुकतो. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने तयार केलेली कार्बाइन डिसेंबर २०२० मध्ये लष्कराच्या चाचण्यांत उतरली. तिचे वजन सुमारे ३ किलो आणि प्रभावी पल्ला १०० मीटरहून अधिक सांगितला गेला. तिच्यावर दुर्बीण वगैरे बसवण्यासाठी खाचांच्या पट्ट्या आहेत. या पट्ट्यांचे माप अमेरिकेने १९९५ मध्ये प्रमाणित केले. त्यांना पिकाटिनी रेल म्हणतात.

निवड करणाऱ्याला तीन गोष्टी तोलाव्या लागतात. आवरण लांब असेल तर हाताला जागा मिळते, पण वजन वाढते आणि ते वजन पुढच्या टोकाला येते. ॲल्युमिनियम ताठ असते, पण प्लास्टिकपेक्षा शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेते. आणि नळी मोकळी असली तरी आवरण स्वतः वाकू शकते. लेसरचा दिवा आवरणाच्या पुढच्या टोकावर लावला असेल, तर हाताच्या जोराने नळी सरकत नाही, पण दिवा सरकतो आणि नेम फसतो.

उंबरखिंडीला सहल नेलीत, तर विद्यार्थ्यांना वाटेपासून कड्याच्या पायथ्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजायला सांगा आणि वरचे गणित त्या अंतरासाठी करायला लावा. आवळून बांधलेली नळी तेथे पुरली असती की नाही, हे ती मुले स्वतःच सांगतील.