रेवसच्या कोळ्यांनी समुद्रात टाकलेली मासळी

मंडळी, आपल्या दांडिया बाजारात कितीतरी घरांची मुळं कोकणात नाहीतर देशावर सापडतात. गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी कुणाचे खापरपणजोबा आले, कुणाचे शिक्षक म्हणून, कुणाचे कीर्तनकार म्हणून. पिढ्या गेल्या, आपण पक्के बडोदेकर झालो. पण पहिला माणूस आला तेव्हा त्याच्या काखेत गाठोडंच होतं. आजची हकीकत पोटासाठी असंच घर सोडलेल्या माणसांची आहे आणि त्यांना पाण्यातून ओढून काढणाऱ्यांची.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिना उरला होता. आषाढी अमावास्या होती, म्हणजे आपली दिव्यांची अवस आणि कोकणातली गटारी. गिरणीत, गोदीत, हॉटेलात काम करणारे चाकरमानी सणाला गावी निघाले होते. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसला सुटली. तासा-दीड तासाचा प्रवास, पलीकडे अलिबाग, रेवदंडा, पोयनाडचे रस्ते. ज्या कंपनीची ती बोट, तिला लोक प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेली, बोटींना संतांची नावं देणारी कंपनी. तिचीच 'तुकाराम' ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाली होती, आणि त्याच दिवशी 'जयंती' नावाची दुसरी बोटही.

रामदास काशाच्या खडकाजवळ आली आणि पावसापाण्यात एका मोठ्या लाटेनं कलली. घाबरलेली माणसं एकदम एका बाजूला धावली आणि बोट त्याच अंगावर उलटली. सुरसागरच्या काठावर राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९९३ साली याच तळ्यात बोट उलटून बावीस माणसं गेली. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीला गेलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत माणसं दाटीनं भरली की लाट लहान असली तरी पुरते.

रामदासवरची सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे धक्क्यावर कुणाला पत्ताच नव्हता. सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईत पसरायला दुपार उलटून गेली. सरकारी मदत निघायची ती त्यानंतरच.

त्याच वेळी रेवसकडचे कोळी मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराला निघाले होते. गटारीचा दिवस, म्हणजे वर्षातला चढा भाव. समोर माणसं बुडताना दिसली आणि त्यांनी भरलेली मासळी समुद्रात ओतून दिली. कोकणात आजही सांगतात की पाऊणशेच्या आसपास माणसं त्यांनी होड्यांत घेतली.

मासळी टाकणं म्हणजे नुसता पैशाचा त्याग नव्हता, हे नीट समजून घेतलं पाहिजे. भरलेली होडी पाण्यात खोल बसते. तिच्यात आणखी दहा माणसं घेतली तर सगळेच जातात, म्हणून आधी ओझं कमी करायचं. शिवाय बुडणारा माणूस मिळेल ते धरतो. पाच-सहा जण एकदम एका काठाला लटकले तर होडी उलटलीच. एकेकाला धीर देत, होडीचा तोल सांभाळत वर घ्यायचं, आणि हे सगळं खवळलेल्या दर्यात. स्वतःचा जीव आणि घरचं पोट, दोन्ही पणाला लावून त्यांनी हे केलं.

आमच्या आजीचं माहेर रेवदंड्याचं. लग्न होऊन ती बडोद्याला आली, तिचा भाऊ लालबागच्या गिरणीत राहिला. तो त्या दिवशी रामदासवर होता आणि एका होडीत ओढला गेला म्हणून वाचला. मामाआजोबा फार बोलत नसत. मासळीचा वास आणि "धर, सोडू नको" एवढंच आपल्याला आठवतं, असं सांगायचे. बरं वाटल्यावर ते साखर आणि धोतरजोडी घेऊन रेवसला गेले, तर कुणी पुढे येईना. "त्या दिवशी सगळेच गेले होते, कुणी कुणाला काढलं कसं सांगायचं?" असं ऐकून परत आले. पुढे दर नारळी पौर्णिमेला ते एक जास्तीचा नारळ समुद्राला देत. इकडे बडोद्यात आजी दिव्यांच्या अवसेला पाटावर एक जादा दिवा मांडायची. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणायची, "नाव माहीत नाही त्याचा."

कोळ्यांनी जे केलं ते दर्यावर्दींच्या कायद्यातही आहे. १९१० साली ब्रुसेल्सला झालेल्या करारात लिहिलं आहे की समुद्रात जीव धोक्यात असलेला माणूस भेटला तर, आपलं जहाज आणि आपली माणसं गंभीर संकटात न घालता शक्य असेल तितकी, कप्तानानं त्याला मदत केलीच पाहिजे. तो शत्रू असला तरी. पासपोर्ट, धर्म, तिकीट यांचा त्यात उल्लेखही नाही. रेवसच्या कोळ्यांनी हा करार वाचला नसणार, आणि पाळला मात्र अक्षरशः.

आता एक योगायोग पाहा. रामदास बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलै १९४७ ला, भूमध्य समुद्रात 'एक्झोडस' नावाचं जहाज ब्रिटिश नौदलानं अडवलं. साडेचार हजारांवर ज्यू निर्वासित होते, त्यातले पुष्कळ हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले. त्यांना पॅलेस्टाइनला उतरू दिलं नाही. फिरवत फिरवत अखेर जर्मनीतल्या हॅम्बुर्गला नेऊन उतरवलं, ज्या देशातून जीव वाचवून निघायचं त्याच देशात.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत आपल्याच किनाऱ्यावर कराचीहून जहाजं येऊ लागली. मुंबईला आली तशी ओख्यालाही आली. ओखा आपल्या बडोदे संस्थानाचं बंदर, सयाजीराव महाराजांच्या काळात १९२६ साली सुरू झालेलं. सिंधी कुटुंबं आली, कराचीतली मराठी कुटुंबंही आली. आपल्या वारसियातली वस्ती त्याच दिवसांची खूण आहे. आज त्यांच्या दुकानातून कापड घेताना कुणाच्या मनात तरी येतं का, की हे निर्वासित?

जगात मात्र हा वाद संपलेला नाही. १९७९ मध्ये व्हिएतनाममधून होड्यांत निघालेल्यांसाठी एका जर्मन दांपत्यानं वर्गणी काढून 'काप अनामूर' जहाज पाठवलं आणि पुढच्या काही वर्षांत हजारोंना वाचवलं. ऑगस्ट २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या मालवाहू जहाजानं चारशेहून अधिक माणसांना बुडत्या होडीतून घेतलं, ऑस्ट्रेलियानं त्यांना उतरू दिलं नाही. जून २०१९ मध्ये 'सी-वॉच ३' च्या महिला कप्तानानं बंदी मोडून वाचवलेल्यांना इटलीच्या बंदरात आणलं, तर तिलाच अटक झाली. पुढे न्यायालयानं सोडलं. २०१४ पासून एकट्या भूमध्य समुद्रात पंचवीस हजारांहून अधिक स्थलांतरित मेले किंवा बेपत्ता झाले आहेत.

कुणी म्हणेल, सगळ्यांनाच आत घेतलं तर त्या देशांनी करायचं काय? प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. दलाल पैसे घेऊन माणसांना फुटक्या होड्यांत बसवतात, हेही खरं. पण कोण राहणार आणि कोण परत जाणार हे जमिनीवर, कागद बघून, वेळ घेऊन ठरवता येतं. पाण्यात तेवढा वेळ नसतो. चौकशी जिवंत माणसाचीच होते.

रामदासची तारीख आता इंटरनेटवर सापडते. होड्या वळवणाऱ्यांची नावं सापडत नाहीत. आपल्यापैकी कुणाचं आजोळ रेवस, अलिबाग, मांडवा, उरणकडे असेल, घरातल्या जुन्या माणसांकडून एखादं नाव, एखाद्या होडीची गोष्ट ऐकली असेल, तर इथे जरूर लिहा. कराचीहून ओख्याला उतरलेल्यांच्या घरच्या आठवणीही लिहा. ज्यांनी ते पाहिलं ती माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, तेव्हा विचारायचं असेल तर याच दिवाळीत विचारा.