नाशिक–मुंबई, हवेतून चाळीस मिनिटं

नाशिकहून आकाशमार्गे पहिला प्रवास पंचवटीतून झाला आणि तो रावणाने केला, हे सर्वश्रुतच आहे. रामचंद्रांना मात्र मागोमाग पायी निघावं लागलं. जमिनीवरून जाणं तेव्हापासूनच नाशिककरांच्या कपाळी आलं असावं. (बी.कॉम.ला रामायण नव्हतं. चूकभूल द्यावी घ्यावी.)

वास्तविक ओझरला 1964 पासून विमानांचा कारखाना. तिथं बनलेलं मिग-21 आवाजाच्या दुप्पट वेगानं जायचं. ओझर ते मुंबई हवेतून दीडशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे चार-पाच मिनिटांचं काम! पण मिगमध्ये क्लार्क मंडळींना बसवत नाहीत.

आमच्या अण्णांनी तीस वर्षं पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढला. ही गाडी 1975 साली सुरू झाली. नाशिकरोड ते व्हीटी 188 किलोमीटर, आणि मधे थळ घाट. ठाण्यापर्यंत गाडी 1853 लाच धावली, पण हा घाट फोडून रेल्वे वर यायला 1865 उजाडलं. चढ 37 ला 1, म्हणजे 2.7 टक्के. बचत खात्याच्या व्याजासारखाच किरकोळ, पण इंजिनाला तोही झेपत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. साऱ्या जगात बँकरला कुणी मनापासून दुवा देत असेल, तर तो कसारा घाटातच.

2017 च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेखाली ओझरहून मुंबईला छोटं विमान सुरू झालं. पुढे ती सेवा टिकली नाही. पण टिकली होती तेवढ्यात मी अण्णांना घेऊन निघालो. दादरला आत्याकडे जायचं होतं. हवेत वेळ चाळीस मिनिटं.

सवयीनं मी जमाखर्च मांडला. घर ते ओझर पाऊण तास, आधी हजेरी एक तास, उड्डाण चाळीस मिनिटं, सामान अर्धा तास, तिथून दादर दीड तास. एकूण चार तास पंचवीस मिनिटं. पंचवटीनं? नाशिकरोडपर्यंत अर्धा तास, फलाटावर पाव तास, दादरपर्यंत साडेतीन तास. चार तास पंधरा मिनिटं. रावणाला सामान तपासून घ्यावं लागलं नाही, म्हणून त्याचं जमलं.

“उगाच खर्च केलास,” असं अण्णा टॅक्सीतच तीनदा म्हणाले. विमान वर गेल्यावर मात्र कपाळ काचेला टेकवून बसले. थोड्या वेळानं विचारलं, “कसारा गेला का रे?”

“गेला असेल, अण्णा.”

“एवढ्यात?”

पुढं ते काही बोलले नाहीत. पहाटे पाचला उठून रात्री दहाला घरी येणारे अण्णा मला लहानपणी रविवारीच दिसायचे. त्यांची तीस वर्षं ज्या वाटेवर गेली, ती खाली ढगात कुठंतरी होती आणि विमानाला तिचं काही देणंघेणं नव्हतं.

परतीचं तिकीट त्यांनी मला काढू दिलं नाही. संध्याकाळी पंचवटीनंच निघालो. कसाऱ्याला गाडी थांबली, मागून हलकासा धक्का बसला.

“लागला बँकर,” अण्णा म्हणाले आणि इगतपुरी येईपर्यंत गाढ झोपले.