डिमरची कुळकथा

रंगमंचावरच्या दिव्याचा उजेड हळूहळू वाढवण्याच्या आणि उतरवण्याच्या साधनाला डिमर म्हणतात. दिवा लावणे आणि मालवणे वेगळे, आणि तो मधल्याच एखाद्या पायरीवर धरून ठेवणे वेगळे. घरात कंदिलाची वात खाली करणारा हात हेच काम करत असे. नाट्यगृहात त्याला दोन अडचणी येतात: दिवे पुष्कळ असतात आणि ते सगळे एकाच वेळी मंदावायचे असतात, शिवाय तो हात प्रेक्षकांच्या नजरेस पडून चालत नाही. डिमरचा जवळजवळ 400 वर्षांचा प्रवास या दोन अडचणींभोवतीच फिरतो.

मेणबत्तीची ज्योत लहानमोठी करता येत नाही, ती फक्त झाकता येते. निकोला साब्बातिनी या इटालियन रचनाकाराने 1638 च्या आपल्या ग्रंथात याचा उपाय दिला आहे. प्रत्येक ज्योतीवर पत्र्याची पोकळ नळी दोरीने टांगायची, सगळ्या दोऱ्या कप्प्यांवरून एकत्र आणायच्या आणि ओढणाऱ्याने त्या एकदम सैल सोडायच्या. नळ्या ज्योतींवर उतरतात आणि रंगमंच अंधारतो. दूर उभ्या माणसाने अनेक दिवे एका हालचालीत मंद करण्याची कल्पना इथे पूर्ण रूपात दिसते. पुढच्या काळाने बदलले ते बहुतांशी दोरीच्या जागी काय आले, एवढेच. इंग्लंडमध्ये रंगमंचाच्या पुढच्या कडेला तेलाच्या पन्हळीत तरंगत्या वाती ठेवत. त्यांना ‘फ्लोट’ म्हणत, आणि अंधार हवा असला की ती पन्हळच खाली उतरवत. मात्र प्रेक्षागारातली झुंबरे तशीच जळत राहत आणि काजळी धरलेल्या वाती कातरायला नोकर चालू प्रयोगात रंगमंचावर येई. त्यामुळे त्या काळची नाटकातली रात्र बरीचशी प्रेक्षकांच्या समजूतदारपणावर चाले.

गॅस आला आणि हे चित्र बदलले. फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीट थिएटरमध्ये 1816 साली, तर लंडनच्या ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या नाट्यगृहांत 1817 साली गॅसचे दिवे लागले. नळातून येणाऱ्या इंधनाला चावी बसवता येते, आणि सगळ्या नळांच्या चाव्या एका जागी आणता येतात. रंगमंचाच्या बाजूला, विंगेत, अशा चाव्यांचा एक फळा उभा राहिला. त्याला ‘गॅस टेबल’ म्हणत. वरच्या पट्ट्या, पुढचे फूटलाइट, बाजूचे दिवे, प्रेक्षागार, अशा प्रत्येक गटाची चावी वेगळी आणि सगळ्यांवर मिळून एक मुख्य चावी. चावी पूर्ण बंद केली तर ज्योत विझेल आणि पुन्हा पेटवायला माणूस धाडावा लागेल, म्हणून चावीला वळसा घालणारी एक बारीक वाट ठेवत. तिच्यातून येणाऱ्या थेंबभर गॅसवर इवलीशी निळी ज्योत जागी राही. रंगमंचावरचा सगळा उजेड पहिल्यांदाच एका माणसाच्या ताब्यात आला तो या फळ्यापाशी. पुढच्या प्रत्येक लाइट बोर्डाचा हा मूळपुरुष.

गॅसचा सर्वांत कसबी उपयोग केला तो नट-व्यवस्थापक हेन्री आयर्विंग याने, लंडनच्या लायसियम नाट्यगृहात, 1878 पासून. प्रयोगाच्या वेळी प्रेक्षागार अंधारात ठेवण्याची पद्धत त्याने तिथे रुजवली. त्याचा कारभार पाहणारा ब्रॅम स्टोकर, म्हणजे ‘ड्रॅक्युला’चा लेखक, याने आयर्विंगच्या प्रकाशयोजनेवर पुढे स्वतंत्र लेख लिहिला. लायसियममध्ये मध्यंतरी विजेचे फूटलाइट बसले, तेव्हा ते चेहऱ्यावर कसे दिसतात हे पाहून एलेन टेरी या अभिनेत्रीने गॅस परत आणण्याची गळ घातली आणि आयर्विंगने तो आणला. तक्रार विजेबद्दल नव्हती, तिच्या रंगाबद्दल होती. अशी तक्रार पुढे प्रत्येक नव्या दिव्याच्या वाट्याला आलेली आहे.

वीज रंगमंचावर त्याआधीच येऊन गेली होती. 1849 साली पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या ‘ल प्रोफेत’मध्ये सूर्योदयासाठी आर्क दिवा वापरला गेला. पण आर्कची ठिणगी एक तर झगमगते नाही तर तुटते. तिला मंदावणे ठाऊक नाही. गॅसची सत्ता त्यानंतरही तीसेक वर्षे टिकली याचे हे एक मोठे कारण. तंतूचा दिवा आला तेव्हा ही अडचण सुटली, कारण तंतूतून जाणारा प्रवाह कमी केला की तो विझत नाही, लालसर होत मंदावतो.

लंडनचे सॅव्हॉय थिएटर 10 ऑक्टोबर 1881 रोजी उघडले. संपूर्ण इमारत विजेने उजळण्याचा बेत होता आणि त्यासाठी जोसेफ स्वॉनचे सुमारे 1200 दिवे बसवले होते. पण जनित्र कमी पडले आणि रंगमंचाला थांबावे लागले. मधल्या काळात, 8 डिसेंबरला, व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये गॅसचे दिवे पेटवताना आग लागून शेकडो प्रेक्षक मेले. सॅव्हॉयचा रंगमंच विजेने उजळला तो 28 डिसेंबरला. त्या वेळी मालक रिचर्ड डॉयली कार्ट याने पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून प्रेक्षकांसमोर फोडला आणि कापड जळाले नाही हे दाखवले. वीज गॅससारखीच मंद करता येते हेही तिथे दाखवायचे होते, म्हणून दिव्यांच्या मार्गात रोध बसवले होते. प्रवाहाच्या वाटेत जितकी जास्त तार, तितका दिवा मंद.

रोधाचे सर्वांत स्वस्त रूप म्हणजे मिठाचे पाणी. चिनी मातीच्या नळकांड्यात मिठाचे किंवा धुण्याच्या सोड्याचे पाणी भरायचे, तळाशी धातूची एक पट्टी आणि वर दोरीने खालीवर होणारी दुसरी. पट्ट्या दूर असल्या की मधले पाणी प्रवाहाला अडवते. वरची खाली आणावी तसा दिवा उजळतो, आणि दोन्ही टेकल्या की तो पूर्ण तेजाने जळतो. उजेड अतिशय मऊपणे चढतो-उतरतो, पायऱ्या कुठेच जाणवत नाहीत. पण पाणी तापते, प्रयोग लांबला तर उकळते, आटते, आणि उघड्या पाण्यातून वीज वाहत असल्यामुळे जिवाला धोका असतो. तरीही भारतात हौशी रंगकर्मींनी हे मिठाच्या पाण्याचे डिमर विसाव्या शतकात बराच काळ वापरले. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये 1959 साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी पाण्याने भरत जाणारी कोळसाखाण केवळ उजेडातून उभी केली. यंत्रांची चैन नसतानाही काय साधते, याचा दाखला म्हणून त्या प्रसंगाचे नाव आजही घेतले जाते.

तारेचे रोध पाण्यापेक्षा सुरक्षित, पण त्यांची एक खोड होती. 1000 वॉटच्या दिव्यासाठी केलेल्या रोधावर 250 वॉटचा दिवा लावला तर दांडा अगदी शेवटापर्यंत ओढला तरी तो दिवा मिणमिणत राहतो, पुरता मंदावत नाही. मग उरलेला भार भरून काढायला प्रेक्षकांना न दिसणारा आणखी एक दिवा आडोशाला जाळावा लागे. 1930 च्या दशकात आलेल्या ऑटोट्रान्सफॉर्मरने ही खोड मोडली. तो प्रवाह अडवत नाही, दाबच कमी करून देतो, त्यामुळे दिवा लहान असो की मोठा, मंदावतो सारखाच. भारतात हे यंत्र ‘डिमरस्टॅट’ नावाने ओळखले जाते. त्याची गोल मूठ महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतही दिसते.

मराठी रंगभूमीवर या कथेचा पहिला भाग जवळजवळ नाहीच. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या प्रयोगाच्या काळात उजेड मशालींचा आणि तेलाच्या दिव्यांचा. गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना आणि दशावतारासारख्या खेळांना पुढे गॅसबत्तीचा आधार मिळाला. पण ही गॅसबत्ती म्हणजे पंपाने हवा भरायची रॉकेलची बत्ती. तिचा गॅस टेबलाशी काहीही संबंध नाही, आणि ती आळवून मंद करता येत नाही. दृश्य संपवायचे तर पडदाच हवा. वीज आणि डिमर आल्यावर नाटककारांच्या रंगसूचनांतला ‘पडदा पडतो’ मागे पडून ‘हळूहळू अंधार होतो’ दिसू लागले, आणि एका अंकात अनेक स्थळे मांडणे सोपे झाले. राज्य नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजनेला वेगळे बक्षीस असते. डिमर नसता तर परीक्षकांना त्यात पाहण्यासारखे फारसे उरले नसते.

दिवे वाढले तशी हातांची संख्या अपुरी पडू लागली. ब्रॉडवेवर रोधांच्या पट्ट्या मोठ्या खोक्यांत भरून नाटकाबरोबर फिरवत. खोकी पियानोच्या आकाराची, म्हणून नाव ‘पियानो बोर्ड’. बोर्डापाठी माणूस उभा करायचा आणि प्रत्येकाने आपापले दांडे इशाऱ्यावर ओढायचे. दोन्ही हात गुंतले तर कोपर, गुडघा, नाही तर लाकडी पट्टी. ब्रिटनमध्ये ‘ग्रँड मास्टर’ बोर्ड होते. त्यांत दांड्यांच्या रांगा एका आडव्या दंडाला अडकवता येत आणि एक मोठे चाक फिरवले की सगळी रांग सरके. पण सगळे दांडे एकाच गतीने आणि एकाच दिशेने जात. एक गट उजळताना दुसरा मंदावणे फार कठीण.

यावरचा सर्वांत रंगतदार तोडगा फ्रेडरिक बेंथम या इंग्रज अभियंत्याचा. त्याने 1935 साली लंडनच्या स्ट्रँड इलेक्ट्रिक कंपनीसाठी ‘लाइट कन्सोल’ तयार केले ते चक्क ऑर्गनच्या रूपात: पट्ट्या, खुंट्या आणि पायाखाली पेडल. डिमर दुसऱ्या खोलीत, आणि कन्सोलवरून विद्युतचुंबकांच्या साहाय्याने त्यांना हलवायचे. वादकासारखा बसून माणूस उजेड ‘वाजवतो’ ही कल्पना बेंथमला इतकी प्रिय होती की तो संगीतावर रंगीत प्रकाशाचे प्रयोगही करी. हे यंत्र लंडन पॅलेडियम, ड्रुरी लेन अशा ठिकाणी बसले, पण त्याचा वंश फार वाढला नाही. वादनाला वादक लागतो. नाट्यगृहांना रोज रात्री तेच अचूक करणारे यंत्र हवे होते.

ती गरज ओळखली जॉर्ज आयझेनाउर याने. येल विद्यापीठात 1947 साली त्याने थायराट्रॉन नळ्यांवर चालणारे डिमर आणि त्यांच्याबरोबर ‘प्रीसेट’ची पद्धत पुढे आणली. एक दृश्य चालू असताना पुढच्या दृश्याच्या पातळ्या दुसऱ्या रांगेत आधीच लावून ठेवायच्या आणि क्यू आला की एकच पट्टी सरकवायची. पहिले दृश्य उतरते आणि दुसरे चढते. घाईचे काम आधीच उरकून ठेवता आले, आणि प्रकाशयोजना क्यूंच्या क्रमांकांत लिहिली जाऊ लागली.

नळ्यांची जागा 1960 च्या आसपास थायरिस्टरने घेतली. तो दाबही कमी करत नाही आणि प्रवाहालाही अडवत नाही. दर अर्ध्या लाटेत दार उशिरा उघडतो, इतकेच. भारतातल्या 50 हर्ट्झच्या विजेत हे सेकंदाला 100 वेळा घडते. तंतूला तेवढ्यात थंड व्हायला फुरसत मिळत नाही, म्हणून डोळ्याला फक्त मंद दिवा दिसतो. पण दार धाडकन उघडल्यामुळे तंतू गुणगुणतो आणि शेजारून गेलेल्या माइकच्या वायरीत घरघर उमटते. लाइटच्या आणि साउंडच्या वायरी एकमेकींपासून लांब ठेवण्याचा दंडक त्यातूनच आला. डिमर आता पाटीएवढा झाला होता आणि त्याला हलवायला बारीकशा तारेतून 0 ते 10 व्होल्टचा इशारा पुरत होता. इशारा साठवता येतो हे लक्षात आल्यावर संगणक दूर नव्हता. 1975 साली ‘अ कोरस लाइन’साठी प्रकाशयोजनाकार थॅरन मसर यांनी ब्रॉडवेवर पहिल्यांदा स्मृती असलेला बोर्ड वापरला. तिथपर्यंत तिथे पियानो बोर्डच चालू होते.

मात्र प्रत्येक डिमरला स्वतंत्र तार लागे आणि प्रत्येक कंपनीचे इशारे निराळे. एकीचा बोर्ड दुसरीच्या डिमरशी बोलत नसे. अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने 1986 साली सर्वांसाठी एक भाषा ठरवली, डीएमएक्स 512. एका वायरीतून 512 चॅनेल, प्रत्येकाला 0 ते 255 मधला एक आकडा, आणि पूर्ण यादी सेकंदाला जास्तीत जास्त 44 वेळा नव्याने. वायर एका दिव्यातून पुढच्या दिव्यात जाते. प्रत्येक दिव्याला पत्ता दिलेला असतो आणि तो आपला आकडा तेवढा उचलतो. दोन दिव्यांना एकच पत्ता दिला तर ते जुळ्यांसारखे वागतात. शेवटच्या दिव्याला 120 ओहमचा रोध लावायचा, नाही तर इशारा टोकावरून परत फिरून गोंधळ घालतो आणि दिवे उगीच लुकलुकतात. ही भाषा एकतर्फी आहे: बोर्ड सांगतो, दिवा ऐकतो, पण ऐकू आले की नाही हे कळवत नाही. म्हणूनच दारूकाम किंवा जड सेट हलवण्यासारखी जोखमीची कामे तिच्यावर सोपवू नयेत असा इशारा मानकातच आहे. रोज नव्या नाट्यगृहात प्रयोग लावणाऱ्या दौऱ्याच्या नाटकांना तिचा सर्वांत मोठा फायदा झाला, कारण आपला बोर्ड नेऊन तिथल्या डिमरना जोडता येऊ लागला.

पुढे याच वायरीवरून फिरते दिवे चालू लागले, आणि मग एलईडी आले. एलईडीला उशिरा उघडणारे दार मानवत नाही. जुन्या डिमरवर जोडले तर ते फडफडतात किंवा बिघडतात. त्यांची मंदावण्याची सोय त्यांच्या पोटातच असते: प्रकाश अतिवेगाने चालू-बंद करायचा आणि बंद असण्याचा वेळ वाढवत न्यायचा. तंतू विझताना रेंगाळतो, लालसर होतो. एलईडी क्षणात थांबतो, आणि अगदी मंद उजेडात 256 पायऱ्यांमधली एकेक पायरी डोळ्याला टोचते. म्हणून एका दिव्याच्या उजेडासाठी दोन चॅनेल जोडून 65,536 पायऱ्या करतात, आणि तंतूसारखे रेंगाळणे व लाल होणे आज्ञावलीत लिहून घालतात. अशा दिव्यांना डिमरच्या खोलीला वगळून वीज थेट मिळते. त्यांच्यासोबत येणाऱ्या तक्त्यात मात्र उजेडाच्या चॅनेलसमोर नाव छापलेले असते ते ‘डिमर’ हेच.