नाव, संख्या आणि अनाम शिळा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या दोन्ही तीरांवरून शतकानुशतके फौजा आल्या-गेल्या. त्या लढायांत पडलेल्यांच्या खुणा पारावर, वेशीत आणि देवळाच्या आवारात दगडांच्या रूपाने उरल्या आहेत. या दगडांची नोंद व्हावी, हे सर्वांनाच मान्य असते. नोंद नेमकी कशाची करावयाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. दगड टिकला म्हणजे स्मरण टिकले, असे आपण गृहीत धरतो. ते तितकेसे खरे नाही.

देशावरच्या गावांत आढळणारा वीरगळ घ्या. त्याचे वाचन खालून वर करावयाचे असते. तळच्या चौकटीत युद्ध, कधी गाईंच्या रक्षणासाठी झालेली झुंज. मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखावाचून उभे आहेत. वीर कोण, कोणाशी लढला, हे दगड सांगत नाही. सांगत असलेच तर गाव सांगते. एस. शेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी १९८२ मध्ये संपादित केलेल्या स्मारकशिळांवरील ग्रंथानंतर या शिळांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले, तरी गावोगावच्या नोंदीचे काम बव्हंशी बाकीच आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण भीमेकाठीच आहे. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूर तालुक्यातील कोरेगाव येथे कंपनी सरकारची तुकडी आणि पेशव्यांचे सैन्य यांची लढाई झाली. कॅप्टन स्टाँटनची ही तुकडी आदल्या रात्री शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. नदीपलीकडे, हवेली तालुक्यातील पेरणे येथे, १८२१ मध्ये जयस्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर ४९ नावे कोरलेली असून त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. स्तंभ उभारला कंपनीने, आपल्या विजयासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिली आणि त्याच नावांतून एका समाजाला आपल्या पराक्रमाचा आधार सापडला. नावे कोरली गेली होती, म्हणूनच हे पुनर्वाचन शक्य झाले.

शिरूर छावणीच्या दफनभूमीतील कर्नल वॉलेसची कबर तिसरीच गोष्ट सांगते. हा अधिकारी १८०९ मध्ये मरण पावला. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये नोंद आहे की परिसरातील लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानत आणि सुगीच्या वेळी त्याच्या कबरीला नैवेद्य दाखवीत. परक्या फौजेचा अधिकारी गावाचा राखणदार झाला! इंग्रजी शिलालेखाची कितीही काटेकोर नक्कल केली, तरी हे स्थित्यंतर तीत उतरणार नाही. ते कळते, कारण कोणी तरी लोकांना विचारून लिहून ठेवले.

पहिल्या महायुद्धानंतर भारतातील अनेक गावांत लहान संगमरवरी पाट्या बसविल्या गेल्या: या गावातून युद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नाव एकाचेही नाही. मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात लढत होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे शरण आलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या पलटणी होत्या. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली आणि साध्या शिपायांची केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने अशा विषमतेबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. पण गावच्या पाटीवरील आकड्यामागची माणसे लंडनच्या दप्तरात पुरती सापडणार नाहीत. काही घराण्यांच्या आठवणीत आणि फौजेच्या जुन्या कागदांतच ती शोधावी लागतील.

एकीकडे नावावाचून चित्र, दुसरीकडे संख्येमागे हरवलेले नाव. म्हणून नोंदीत माप, दिशा आणि तिरप्या उन्हात घेतलेले छायाचित्र तर हवेच. शिवाय दगडाला गावात काय म्हणतात, त्याची पूजा कोण व केव्हा करते, तो पूर्वी कोठे होता, हेही हवे. १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा कायदा स्मारकांना संरक्षण देतो, पण ते यादीत आलेल्यांना. पारावरचा वीरगळ त्या यादीत सहसा नसतो. रस्ता रुंद होतो, मंदिराचा जीर्णोद्धार होतो आणि दगड बाजूला ठेवला जातो. भक्तिभावाने दिलेला तैलरंग कोरीव रेषा बुजवतो. दगड संग्रहालयात नेला तर वाचतो खरा. पण वेशीत तो ज्याची साक्ष देत होता, ती वेस मागे राहते.

साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक या कामात उपरे नाहीत. हस्तलिखिताची प्रत तपासताना आपण पाठभेद टिपतो, कोणता पाठ कोणाकडून आला ते लिहितो. वीरगळाविषयी एकाच गावात दोन आळींनी दोन कथा सांगितल्या, तर त्या दोन्ही सांगणाऱ्यांच्या ओळखीसह आणि तारखेसह उतरवून घेणे हे त्याच शिस्तीचे काम आहे. त्यांतील एक खरी ठरविण्याची घाई नको. दगड आणखी काही शतके उभा राहील. त्याची कथा सांगणारी पिढी तेवढी थांबणार नाही.