चांद्याचें चंद्रपूर आणि वृद्धांची स्मृति

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे. परंतु वयोमानानें येणारा साधा विसर आणि रोगामुळें होणारा स्मृतिभ्रंश यांच्यामध्यें एक मधली पायरी असते, हें वैद्यकशास्त्रानें फार उशिरां ओळखलें. १९०६ सालीं जर्मन वैद्य आल्झायमर यांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या एका स्त्रीच्या मेंदूंतील विकृति विद्वानांपुढें मांडली. १९६२ सालीं क्राल यांनीं निरुपद्रवी विसर व घातक विसर असा भेद केला. १९९९ सालीं अमेरिकेंतील पीटरसन व त्यांचे सहकारी यांनीं मधल्या पायरीचीं लक्षणें निश्चित केलीं : स्मरण वयाच्या मानानें स्पष्ट उणें, परंतु नित्याचे व्यवहार शाबूत. अशा शंभरांपैकीं सुमारें १२ जण दर वर्षीं स्मृतिभ्रंशाकडे झुकतात, असें त्यांना आढळलें. निरोगी वृद्धांत हें प्रमाण शेंकडा १ ते २ होतें. तथापि सर्वच त्या वाटेनें जात नाहींत. कित्येक आहे तेथेंच स्थिरावतात, कांहीं सुधारतातहि.

ही पायरी ओळखावी कशी? १९७५ सालीं फोलस्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनीं ३० गुणांची एक चांचणी प्रसिद्ध केली. तींत वार, तारीख, गांव, जिल्हा, राज्य असे प्रश्न असतात. वाचावयास व लिहावयासहि सांगतात.

हीच मोजपट्टी चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत लावून पाहावी. १९४० सालीं गडचिरोलींत जन्मलेल्या मनुष्याचा प्रांत होता मध्यप्रांत व वऱ्हाड. १९५० सालीं त्याचा मध्यप्रदेश झाला; १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याचा जिल्हा चांदा. १९६४ सालीं त्याचेंच नांव चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा जिल्हा वेगळा निघाला. घराचा उंबरठा न बदलतां पत्ता इतक्या वेळां बदलला! असा वृद्ध आज लेकाकडे चंद्रपूर शहरांत राहात असतां ‘जिल्हा चांदा’ असें सांगेल, तर इतिहास न जाणणारा परीक्षक त्याचा गुण कापील. निरक्षराची अडचण तर त्याहून मोठी. म्हणूनच मेरी गांगुली व सहकाऱ्यांनीं हरियाणांतील बल्लभगढच्या बहुतांशीं निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठीं या चांचणीचें निराळें हिंदी रूप सिद्ध केलें. तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें.

उलट धोकाहि तितकाच खरा आहे. सुशिक्षित मनुष्य जुन्या विद्येच्या बळावर पुरे गुण मिळवितो आणि आंतली झीज झांकली जाते.

यास्तव वृद्धाची तुलना परक्याशीं न करतां त्याच्याच पूर्वायुष्याशीं करावी. जटपुरा दरवाजा कीं पठाणपुरा, हें डोळे मिटून सांगणारा मनुष्य तेथें अडखळूं लागला, किंवा तोच प्रश्न घटकेघटकेस विचारूं लागला, तर तें लक्षण घरच्यांनींच प्रथम टिपावयाचें असतें. थायरॉईडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, बहिरेपणा हीं कारणें वेळींच सांपडलीं तर त्यांवर उपाय आहेत. ‘वयच झालें’ म्हणून गप्प बसणाऱ्या घरांत मात्र ती वेळ हातची जाते.