महाराष्ट्र : सक्करदऱ्यापासून समुद्रापर्यंतची प्रेक्षणीय स्थळे व निसर्गभ्रमंती

सक्करदरा हा नागपूर शहराच्या आग्नेय भागातील जुना विभाग. भोसलेकालीन तलाव, राजे भोसल्यांचा वाडा, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि बुधवारचा बाजार ही त्याची ओळख. येथील चौकातून निघणारा उमरेड रस्ता ताजाबाद शरीफवरून पुढे वैनगंगेच्या खोऱ्यातील जंगलांकडे जातो. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे आणि राज्याच्या ३६ जिल्ह्यांपैकी सात जिल्हे त्याला लागून आहेत. त्यामुळे बाहेरच्या प्रवाशाला महाराष्ट्र म्हटले की आधी मुंबई, कोकण आणि सह्याद्री आठवतो. सक्करदऱ्यात पडलेले पावसाचे पाणी मात्र नाग नदीतून कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असे वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. हेच राज्य पूर्वेकडून पाहू लागले की पाहण्याचा क्रम उलटतो : आधी वाघाचे जंगल, मग दख्खनचा काळा दगड आणि शेवटी समुद्र. प्रस्तुत नोंदीत हाच क्रम ठेवला आहे.

हा क्रम भूगोलालाही धरून आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांनी दख्खनचे पठार बनले, त्याची पूर्वेकडील कड नागपूर शहरातूनच जाते. सीताबर्डीच्या टेकडीवर बेसाल्ट आहे. शहराच्या पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. लोणारचे विवर, अजिंठा-वेरूळची लेणी, रायगड, हरिश्चंद्रगड ही सगळी त्या एकाच काळ्या दगडाची रूपे आहेत. दक्षिण कोकणात मालवणच्या आसपास बेसाल्ट संपून पुन्हा जुने खडक वर येतात.

सक्करदरा परिसरातील मुख्य श्रद्धास्थान म्हणजे ताजुद्दीन बाबांचा दर्गा. राजे रघूजीराव भोसले यांनी १९०८ मध्ये बाबांना मनोरुग्णालयातून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी बाबांचे निधन झाले. ताजाबाद येथील त्यांच्या दर्ग्यावर उरुसाच्या दिवसांत सर्व धर्मांचे लोक येतात. शहरात याशिवाय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती दीक्षाभूमी, १८१७ च्या लढाईचा सीताबर्डी किल्ला आणि २०२१ मध्ये खुले झालेले गोरेवाडा प्राणी उद्यान पाहण्यासारखे आहे. दीक्षाभूमीचा स्तूप धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत पाहावा आणि मग एखाद्या शांत सकाळीही पाहावा; दोन्ही अनुभव वेगळे आहेत.

उमरेड रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर उमरेड लागते. त्यापुढे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य सुरू होते. एका दिवसात जाऊन येण्याजोगे, नागपूरकरांचे हे सर्वांत हाताशी असलेले वाघाचे जंगल. ‘जय’ नावाच्या वाघामुळे ते देशभर गाजले. २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला. पुढचे भिवापूर लाल मिरचीसाठी प्रसिद्ध असून तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. उत्तरेला कुही तालुक्यात अंभोरा आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा येथे संगम होतो. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे आणि मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना येथे झाली अशी विदर्भातील परंपरा आहे, आंबेजोगाईकरही तोच मान सांगतात. गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे संगमाचे पात्र आता सरोवरासारखे पसरलेले दिसते.

वैनगंगेचे हे खोरे तलावांचे आहे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आजही धानाच्या शेतीला पाणी देतात. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव हा त्यांतला मुकुटमणी. गोंदिया जिल्ह्यात तलाव आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने सारस पक्ष्यांची थोडी कुटुंबे टिकून आहेत. वाघाच्या मागे धावणारा प्रवासी त्यांच्याजवळून न पाहता निघून जातो, ही मोठी चुकामूक आहे.

राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा, बोर आणि सह्याद्री. यांतले पहिले पाच विदर्भात आहेत. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये जाहीर झालेल्या देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक; वर्धा जिल्ह्यातील बोर हा देशातील सर्वांत लहान प्रकल्पांत गणला जातो. सर्वांत ख्यातनाम अर्थातच ताडोबा. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौ. किमी. आणि बफरसह एकूण क्षेत्र सुमारे १,७२७ चौ. किमी. आहे. गोंड समाजाच्या कथेनुसार तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले.

सक्करदऱ्याहून ताडोब्याला जाण्यासाठी उमरेड–भिसी–चिमूर हा मार्ग सोयीचा असून तो कोलारा प्रवेशद्वाराकडे नेतो. चंद्रपूरकडून येणारे मोहर्ली प्रवेशद्वार धरतात. सकाळच्या फेरीसाठी उजाडण्यापूर्वीच प्रवेशद्वारावर हजर राहावे लागते. ओळखपत्र तपासले जाते, गाभाक्षेत्रात मोबाइल नेता येत नाही आणि उघड्या जिप्सीत चालकाबरोबर स्थानिक गाइड बसतो. वाघ शोधायचा तो बहुतांशी कानांनी. माकड झाडावरून खोकल्यासारखे ओरडते, चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखा आवाज देते. गाइड त्याला ‘कॉल’ म्हणतात. माकड आणि चितळ घाबरट, ते बिबट्यासाठी किंवा नुसत्या संशयानेही ओरडतात. सांबराने एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा आवाज दिला, तर मात्र गाइड इंजिन बंद करायला लावतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मग रस्त्याच्या धुळीत पंजाचे ठसे पाहिले जातात : जिप्सीच्या चाकाच्या खुणेवर पंजा उमटला असेल, तर वाघ गाडीनंतर गेला, पंजावर चाकाची खूण असेल, तर आधी गेला. इतकी साधी ही विद्या आहे आणि ती जवळच्या गावांतील मुलामुलींनी मेहनतीने कमावली आहे.

उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तरीही प्राणी दिसण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक, कारण पानगळीने जंगल उघडे होते आणि पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरते. वैशाख पौर्णिमेच्या रात्री वनखाते निसर्गप्रेमींना पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसू देते. त्या ‘निसर्गानुभवा’ची जागा मिळवण्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. थंडीत सकाळ बोचरी असते, जंगल दाट असते. ज्याला पक्षी आणि झाडे पाहायची आहेत त्याने हा काळ निवडावा.

पेंच नागपूरच्या उत्तरेला आहे. सिल्लारी हे त्याचे परिचित प्रवेशद्वार. २०२४ च्या आरंभी पेंचच्या महाराष्ट्रातील भागाला भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, वाघोलीच्या परिसरात दिव्यांचा उजेड आवरून आकाशदर्शनाची सोय केली आहे. अमावास्येच्या आसपासच्या स्वच्छ हिवाळी रात्री तिथे आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. वाटेतील रामटेकवर गडमंदिर, कालिदास स्मारक आणि पायथ्याजवळ नौकाविहारासाठी खिंडसी तलाव आहे. ‘मेघदूत’मधील रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. जवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हाही वाकाटकांचाच मंत्री होता, मात्र वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमच्या शाखेचा. अजिंठा पाहायला निघालेल्या वैदर्भीय प्रवाशाने हे लक्षात ठेवावे : तो आपल्याच प्रांतातील राजवटीचे काम पाहायला चालला आहे.

पश्चिमेच्या प्रवासाचा काळ समृद्धी महामार्गाने बदलला. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मेहकरजवळ उतरून लोणारला जाता येते. उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झालेले हे सुमारे १.८ किमी. व्यासाचे विवर जगात विरळाच. तळाशी अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला अजिंठा व वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत आणून घडवले आहे. ते आधी बाजूच्या कड्यावरून आणि मग आतून पाहिल्याशिवाय त्याची कल्पना येत नाही.

सह्याद्रीतील भटकंतीला उंचीचा मान कळसूबाईचा (१,६४६ मी.) असला, तरी एकच गड निवडायचा झाला तर हरिश्चंद्रगड निवडावा. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट मध्यम, आणि बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट फक्त सरावलेल्यांसाठी व जाणकार सोबत असेल तरच. वर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आहे. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यामध्ये शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पश्चिमेला कोकणकड्याची आत वळलेली भिंत शेकडो मीटर खाली कोसळते. ऊन पाठीशी आणि समोर दरीत धुके असेल, तर त्या धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजेच ‘इंद्रवज्र’, दिसते. कड्यावर वारा जोराचा असतो. तिथे पालथे पडूनच खाली पाहावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांपैकी जिंजी तामिळनाडूत असून उरलेले अकरा महाराष्ट्रात आहेत. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यांतील सागरी सामर्थ्य दाखवणारे चार. ६ जून १६७४ रोजी शिवराज्याभिषेक झाला तो रायगडही याच यादीत आहे. घाटाखाली कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग चालते. त्याची वेळ सकाळची, कारण भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर नदीत सोडलेल्या पाण्यावरच हा प्रवाह अवलंबून असतो.

समुद्राशी नवख्या माणसाने पहिली गोष्ट शिकायची ती भरती-ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते, भरतीला वाट पाण्याखाली जाते. कोकणात वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्यामुळे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. कालनिर्णय घरोघर असलेल्या सक्करदऱ्यातल्या माणसालाही हे गणित बसल्या जागी करता येते. पोहणे आणि किल्ल्यात जाणे यांची वेळ मात्र स्थानिक कोळ्यांना विचारूनच ठरवावी.

मुरूडचा जंजिरा सिद्दींचा. मराठ्यांनी वारंवार वेढे घालूनही तो अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. वेळासला फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने उभे केलेले हे काम आहे.

नागपूरहून मालवण रस्त्याने सुमारे नऊशे किलोमीटर दूर, पण तेवढी वाट तोडून जाण्याजोगे ते ठिकाण आहे. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये पुरे झाले. तटाच्या वळणात लपवलेला मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत शिवराजेश्वर मंदिर आहे, चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे जपलेले आहेत, आणि खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या खडकावर दूधबाव, साखरबाव व दहीबाव या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या आहेत. तारकर्लीला कर्ली नदी समुद्राला भेटते. तिथे आणि मालवणात पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण बांधून बुडी मारता येते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून नेतो. आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव आणि खुणा शिकवल्या जातात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा. नवशिके येथेच चुकतात. प्रवाळ आणि माशांना हात लावू नये. या किनाऱ्याचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

पावसाळा हा या सगळ्या कार्यक्रमातील खंड आहे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत सिंधुदुर्गातील प्रवासी होड्या व जलक्रीडा बंद राहतात, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा गाभाही बंद असतो. हे महिने सह्याद्रीच्या घाटांचे आणि विदर्भात चिखलदऱ्याचे. सप्टेंबरात साताऱ्याजवळ कासचे पठार फुलांनी भरते, आणि १ ऑक्टोबरला ताडोब्याच्या गाभ्याची प्रवेशद्वारे पुन्हा उघडतात.